दोन आकड्यांचा वळसा

सत्त्याऐंशी सालचा आंब्याचा हंगाम. आत्मारामशेटच्या आमरसाच्या कारखान्यात पट्ट्यावरून क्रेट सरकत आणि माझा संगणक प्रत्येकाचं वजन नि प्रत नोंदवी. नोंदवी कसला, मागे पडे. मधलाच एखादा क्रेट हुके.

"दत्तोबा, शनवारपर्यंत बघतो. नायतर ह्यां खोकं परत न्या नि तुमी पन मोकळे," शेट म्हणाले.

म्हणजे पुन्हा डोंबिवलीची खोली. ती सोडून गावी मांडवीला आईकडे आम्ही आलो होतो ते कायमचं म्हणून.

घरी आई म्हणाली, "अरे, दमयंती विचारत्येय, परत मुंबईस जावं लागेल का?" दमयंती समोरच तांदूळ निवडत होती. आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर नवराबायको एकमेकांशी बोलत नाहीत. जे काय ते आईमार्फत. झोपायलाही त्या दोघी आत, मी ओटीवर. "सांग तिला, काळजी करू नको म्हणावं," मी म्हटलं आणि आडवा झालो. अंग आंबून गेलं होतं.

शेवटी कंपायलरनं, म्हणजे माझा प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमनं, बनवलेला मशीन कोड छापून वाचायला बसलो. वजन आणि प्रत, दोन चिमुकले आकडे. एकत्र राहावेत म्हणून मी त्यांचं एक स्ट्रक्चर, एक गाठोडंच, बांधलं होतं आणि तेच प्रोग्रॅमच्या एकेका तुकड्याला, फंक्शनला, देत होतो. खरं तर ते हातोहात देता आले असते. पण हा शहाणा कंपायलर आधी ते मेमरीत उतरवी, मग त्यांची नक्कल करायला आणखी एक फंक्शन बोलावी, आणि पुढच्या फंक्शनला पुन्हा तेच; सगळा वेळ त्यातच जाई. दोन आंबे शेजारच्या खोलीत द्यायला पेंढा घालून पेटी भरावी नि खिळे ठोकावेत, तसं.

चिडायलाही अंगात त्राण नव्हतं. स्ट्रक्चर मोडलं, आकडे सुटे सुटे दिले. कोड गबाळा दिसू लागला, पण शनिवारी एकही क्रेट हुकला नाही. "आता ऱ्हावा हितंच," शेट म्हणाले.

घरी आलो तर आई देवळात गेलेली. मी सरळ स्वयंपाकघरात गेलो.

"आता मुंबईस जावं लागणार नाही."

दमयंतीनं विळीवरून मान वर केली नाही. "जावं लागेल का, असं मी विचारलंच नव्हतं. कधी जायचं, ते विचारलं होतं."

मी तिथंच पाटावर बसलो. "तिथं काय आहे गं?"

"तिथं तुम्ही माझ्याशी बोलत होतात."