गोड्या पाण्यातला खारा मासा

मी एक म्हातारा जोकर मासा आहे, मित्रांनो. अंग नारिंगी, त्यावर तीन पांढरे पट्टे. इतकी ठळक खूण असूनही शहापूरजवळच्या हरेशभाऊंच्या हॉटेलात मला सगळे गोल्डफिशच म्हणतात. सांगायचं तरी कुणाला? थकलो बुवा आता.

माझा जन्म दूर समुद्रातल्या प्रवाळात झाला. तिथे समुद्रफूल नावाचा प्राणी असतो. त्याच्या दंशाने लहान मासे मरतात, पण माझ्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे मला काही होत नाही. त्याच्याच कुशीत मी राहायचो. मग जाळ्यात सापडलो आणि या काचेच्या पेटीत आलो. इथे समुद्रफूल नाही, म्हणून मी पाण्याच्या पंपाला चिकटून झोपतो. गिऱ्हाईक म्हणतं, "बघा, कसा लाडात आलाय!" कसले लाड न् कसलं काय.

मला विकणाऱ्या कल्याणच्या दुकानदाराने पाण्यात घालायला पांढऱ्या भुकटीचं पाकीट दिलं होतं. हरेशभाऊंना वाटलं, औषध असेल. ते संपल्यावर त्यांनी दुसरं आणलंच नाही. त्यात त्यांना इथल्या तानसा धरणाच्या पाण्याचा भारी अभिमान. "अख्खी मुंबई हे पाणी पिते, मग आमच्या पाहुण्याला का नको?" असं म्हणत त्यांनी पेटी उपसली आणि तानसाचं गोडं पाणी भरलं. प्रेमानेच भरलं हो. पण मला धाप लागली आणि मी आडवा झालो.

नशीब माझं, तेवढ्यात ठकीमावशी पत्रावळी द्यायला आल्या. दिवाळी झाली की त्या वसईकडे मिठागरावर कामाला जातात. त्यांनी वाकून पाहिलं.

"हरेशभाऊ, ह्यो खाऱ्या पाण्यातला हाय. गोड्यात नाय जगायचा."

"मावशी, आमी चांगलंच पाणी दिलं ना त्याला."

"तुमाला चांगलं. त्याला नाय."

त्यांनी खडे मीठ मागून घेतलं. मूठ मूठ विरघळवायची, बोट बुडवून चाखायचं, पुन्हा घालायचं. खाडीच्या पाण्याची चव लागली तेव्हाच त्या थांबल्या. हळूहळू माझ्या जिवात जीव आला.

मावशी परवाच मिठागरावर गेल्या. आता होळीपर्यंत यायच्या नाहीत.

मित्रांनो, एखाद्या जिवाला हौसेने घरी आणता, तेव्हा तो कुठल्या पाण्यातला आहे एवढं तरी विचारत जा. उद्या माझं पाणी बदलायचंय. मावशींसारखं चाखूनच मीठ घालीन, असं हरेशभाऊ म्हणतात. समुद्राचं पाणी त्यांनी जन्मात चाखलेलं नाही.