गडगडाटाची खूण

टॅबिथा ओकशॉटबाईंची दोन शोकनाटकं पडली होती. तिसरं पडलं तर लंडनमधलं बिऱ्हाड आवरून नॉरिचला धाकट्या दिराकडे जायचं, हे ठरून गेलं होतं. दिराला नऊ मुलं. काकूने त्यांना धर्मपाठ शिकवावा आणि उरल्या वेळात मोजे विणावेत, असं त्याने मोठ्या प्रेमाने कळवलं होतं. नाटक तगलं तर तिसऱ्या दिवसाचं उत्पन्न लेखकाचं, अशी नाटकगृहाची रीत. बाईंना तिसरा दिवस अजून दिसलाच नव्हता.

त्या काळी नटाच्या हाती अख्खं नाटक कुणी देत नसे. ज्याची त्याची वाक्यं आणि त्याआधीच्या वाक्याचं शेपूट, बस्स. ढग वाजवणाऱ्या म्हाताऱ्या ओबडायाला तर बोटभर चिठ्ठी होती: ‘प्रभो, दया कर’ असं ऐकलं की गोळे सोडायचे. तो माळ्यावर लाकडी पन्हाळीशी लोखंडी गोळे घेऊन बसे; ते पन्हाळीतून घरंगळले की ढग गडगडल्यासारखा आवाज होई. तिथून त्याला रंगमंच दिसत नसे. बाईंच्या या तिसऱ्या नाटकात शेवटच्या अंकात राणी ते शब्द म्हणणार आणि आभाळ कोसळणार, अशी योजना होती.

पहिल्या दुपारी बाई पडद्याआड नेमक्या त्या पन्हाळीखाली जाऊन बसल्या. सम्राट झाला होता फ्लूड, नाकातून रडणारा आणि अर्धी वाक्यं विसरणारा. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, “मी निर्दोष आहे,” आणि पुढचं विसरला. बाईंच्या तोंडून सवयीने निघालं, “प्रभो, दया कर.”

डोक्यावर गोळे गडगडले. फ्लूड दचकला, त्याचा मुकुट नाकावर आला. ते पाहून बाई घाबरल्या आणि त्यांनी पुन्हा देवाचा धावा केला. पुन्हा गडगडाट. फ्लूड जितका गडबडे तितक्या बाई प्रार्थना करत, आणि बाई जितक्या प्रार्थना करत तितका ढग वाजे. सम्राट खोटं बोलला की आभाळ गरजतं, असा प्रेक्षकांनी अर्थ लावला. सम्राट मरेपर्यंत निम्मी माणसं बाकांखाली लोळत होती.

नाटकगृहाचे मालक क्रॅबट्री माळ्यावर चढले. ओबडाया शांतपणे म्हणाला, “शब्द ऐकले, गोळे सोडले. कुणी म्हणायचे ते चिठ्ठीत नव्हतं, साहेब.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम सगळ्यात वरच्या सज्जात जाऊन बसल्या. ढग एकदाच वाजला, अगदी वेळेवर. पण आदल्या दिवशीची बातमी ऐकून गर्दी लोटली होती. लोकांनी संत्री सोलली, मग साली फेकल्या, आणि ढग कुठे मेला म्हणून विचारू लागले.

संध्याकाळी क्रॅबट्री आले ते सरळ मुद्द्यावर. उद्या ढग नसेल तर नाटकही नाही, जुना फार्स लावतो, म्हणाले. “तीनच शब्द आहेत, बाई. एरवी दिवसातून शंभरदा म्हणता.”

“ते देवाशी म्हणते,” बाई हळूच म्हणाल्या. “लोकांना हसवायला त्याचं नाव घेणार नाही. त्यापेक्षा नॉरिच बरं.”

क्रॅबट्रींनी कपाळ चोळलं. “बरं, म्हणू नका. नुसत्या त्या पन्हाळीखाली तर बसाल?”

बसण्यात काही पाप नव्हतं. तिसऱ्या दुपारी बाई ओठ घट्ट मिटून बसल्या. नाटकगृह खच्चून भरलं होतं. फ्लूड आला. झग्यात पाय अडकून तो राणीच्या मांडीवर पडला, तिथूनच नाकातून रडू लागला, आणि ज्या बायकोसाठी रडत होता तिचंच नाव विसरला. ती बायको म्हणजे ही राणीच; तिलाच त्याने, “बाई, तुमचं नाव काय?” असं विचारलं.

बाईंनी डोळे मिटले. इतक्या कळवळून त्यांनी प्रार्थना उभ्या जन्मात केली नव्हती.

त्या दुपारी ओबडायाने एकोणीस वेळा गोळे सोडले. एकही प्रार्थना खोटी नव्हती. फ्लूड असेपर्यंत ती खोटी होण्याची भीतीही नव्हती.

पुढच्या आठवड्यात बाईंनी बाजारातून मोज्यांचे नऊ जोड विकत घेतले आणि नॉरिचला पाठवून दिले.