अकरा दगडांची कमान

कमान दोन्ही बाजूंनी चढवत आणतात. ही गोष्टही तशीच.

डावीकडून

ज्यूरीपुढे हर्षाली उभी. आज नापास झाली, तर आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष गेलं. टेबलावर स्पेनमधल्या एका खेड्यातल्या जुन्या चर्चची कमान, लहान आकारात. पण अकरा दगड खरे. ते उचलून आणणारा तिचा बाप, धोंडीराम पाथरवट, दाराशी टोपी हातात धरून उभा.

उजवीकडून

त्याआधी महिनाभर द्वारका चौकामागच्या शेडमध्ये बापलेकीची छिन्नी चालली होती.

"चर्चचा आराखडा क्रूसासारखा, अण्णा. वेदी पूर्वेला, उगवतीकडे."

"मग आपल्या देवळावाणीच की! ऊन काय, सगळीकडं तेच."

मधल्या दगडाला मात्र तिनं त्याला हात लावू दिला नाही.

"लय शहाणी झालीस," तो म्हणाला, आणि मनातून फुलला.

डावीकडून

ज्यूरीतल्या सरांनी मूळ कमानीच्या फोटोवर बोट ठेवलं. एका दगडावर कोरलेला बाण. शेजारच्यावर तोच बाण, खाली एक रेघ.

"बाण म्हणजे स्वर्गाची दिशा. प्रतीकांच्या यादीत का नाही?"

"सर, ते प्रतीक नाही. घडवणाऱ्यांच्या खुणा आहेत. मला वाटतं, बाप आणि मुलगा."

"पुरावा?"

हर्षाली दाराकडे वळली. "अण्णा, सांगा ना."

उजवीकडून

"माझ्या बापाची खूण दोन उभ्या रेघा," धोंडीराम म्हणाला. "माझ्यात एक आडवी जास्त. घराणं तेच, हात निराळा. पोराला खूण बापच देतो."

पोराला. हर्षालीला त्यानं दिली नव्हती. हे बोलताना त्याला पहिल्यांदाच टोचलं.

"हा तुमच्या घरचा रिवाज. स्पेनचं काय?"

धोंडीराम फोटोला नाक लावून उभा राहिला. "टाचे बघा साहेब, छिन्नीचे घाव. दोन्ही दगडांवर उलटे तिरपे. दोघं डावखुरे. एकानं दुसऱ्याच्या मांडीला मांडी लावून शिकलेलं हाय."

सरांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

मधला दगड

"आधार काढा," सर म्हणाले.

धोंडीरामनं खालचं लाकूड ओढलं. कमान हलली नाही. सर वाकले, तिच्या पोटात पाहू लागले. दहा दगडांवर दोन उभ्या, एक आडवी. मधल्यावर तेच, शेजारी एक टिंब.

"ही कोणाची?"

न देता घेतलेली खूण धोंडीराम बघत राहिला. मग टोपी डोक्यावर ठेवली, नीट बसवली.

"माझ्या लेकीची. पाथरवटीण हाय ती."

सरांनी कागदावर लिहिलं: 'पुरावा पाहिला. उत्तीर्ण.'