दोनदा पाठ चिकटवलेली गिटार

मित्रांनो, जुनी गिटार बोलू लागली की तुम्हाला वाटेल, आता ही कुठल्या नामांकित कारखान्यात जन्मली आणि कुठल्या मोठ्या मंचावर वाजली ते सांगणार. तसलं काही माझ्या नशिबात नव्हतं. मला एका माणसाने घरच्या घरी, फावल्या वेळात, हौसेने बनवलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. नसेल बुवा! पण त्या हौसेपायी माझी पाठ दोनदा चिकटवावी लागली, तेव्हा मी मधेच चिडून बोलले तर सांभाळून घ्या.

मला बनवणाऱ्याला घरात सगळे दादा म्हणत. सगळे म्हणजे खरं तर एकच जण, त्याचा धाकटा भाऊ, आणि तोही घर सोडून गेलेला. दादाची बायको त्या धाकट्याची वहिनी, म्हणून मीही तिला वहिनीच म्हणते. दादाचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवायचे आणि दादा घराच्या मागच्या खोलीत बसून त्यावरून दात घडवायचा. फळीवर पांढऱ्या जबड्यांची रांग असे. दिवसभर ते माझ्याकडे बघून दात विचकत. अशा संगतीत माझं बालपण गेलं.

आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्याला दादानेच वाढवलं. माया होती, पण धाक जास्त. धाकट्याला गिटारचं वेड लागलं. मित्राच्या गच्चीवर जाऊन त्याची गिटार वाजवायचा. एक दिवस परीक्षेचा निकाल वाईट लागला आणि दादा त्या मित्रासमोरच त्याच्यावर ओरडला, "या घरात राहायचं असेल तर हे तुणतुणं बंद!" शब्दाने शब्द वाढला. धाकट्याने पिशवी भरली आणि गेला. त्यानंतर वर्षानुवर्षं दोघा भावांचं बोलणं नाही. वहिनी मात्र त्याला अधूनमधून फोन करायची आणि त्याची खुशाली मुद्दाम मोठ्याने दादाला ऐकवायची.

अशीच एकदा ती म्हणाली, "अजून वाजवतो म्हणे. कुणाचीतरी जुनीपुराणी गिटार आहे, मान वाकडी झालेली."

दादाने हातातली कवळी घासायला घेतली. पण दुसऱ्याच आठवड्यात मागच्या खोलीत लाकूड आलं. अहो, "माझं चुकलं" हे दोन शब्दांत होणारं काम, पण तेवढं तोंड उघडेल तर तो दादा कसला! दुसऱ्यांच्या तोंडासाठी दात बनवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. म्हणून मग त्याने मला बनवायला घेतलं.

माझा पुढचा भाग फिकट, हलक्या लाकडाचा आहे. पाठ आणि बाजू काळपट शिसवीच्या. बाजूची पट्टी ओली करून तापलेल्या नळीवर हळूहळू वाकवतात, तेव्हा कुठे गिटारची कंबर दिसू लागते. पहिली पट्टी दादाने घाईने दाबली आणि ती कटकन मोडली. दुसरी करपली. तिसऱ्या वेळी त्याने मनासारखा बाक आणला आणि पोरगं पहिलं पाऊल टाकतं तेव्हा बाप हसतो तसा हसला. आतल्या कडेला बारीक खाचांची पट्टी चिकटवायची, तर ती सुकेपर्यंत धरून ठेवायला चिमटे हवेत. दादाने दोरीवरचे कपड्यांचे सगळे चिमटे पळवले.

"अहो, तुमचा शर्ट शेजारच्यांच्या अंगणात उडालाय," वहिनी दारात उभी राहून म्हणाली. "आणि माझी ओढणी कुठे गेली ते देवालाच ठाऊक. त्या बयेचे दागिने कधी उतरणार?"

"गोंद सुकू दे."

"इतकं सगळं करण्यापेक्षा फोन उचला आणि बोला ना त्याच्याशी!"

"आधी ही होऊ दे. मग बोलवतो."

वहिनीने कपाळावर हात मारला. पण पुढच्या वेळी बाजारातून येताना चिमट्यांचं नवीन पाकीट घेऊन आली.

खोटं कशाला बोलू, ते दिवस माझे सुखाचे होते. दादा मला कानाशी धरायचा, बोटाच्या पेराने टकटक करायचा आणि आतल्या आधाराच्या काठ्या जराजरा तासायचा. या काठ्या बाहेरून दिसत नाहीत, पण आवाज त्यांच्यावरच असतो. जाड तारांच्या बाजूला त्या एका तऱ्हेने बसवतात, बारीक तारांच्या बाजूला दुसऱ्या. दादाने पुस्तकातलं चित्र समोर ठेवून, डोळ्यांत तेल घालून त्या बसवल्या. कवळीच्या पांढऱ्या मसाल्याचे ठिपके केले आणि वाजवणाऱ्याला वरून दिसावेत म्हणून माझ्या मानेच्या कडेला जडवले. तारा चढल्या आणि दादाने अंगठा फिरवला, तेव्हा फळीवरचे जबडेसुद्धा थरथरले. वहिनी पोळपाट टाकून धावत आली. "अगंबाई," ती म्हणाली, "हिला तर गळा आहे!" त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस ताठ मानेने उभी होते.

मग वहिनीनेच फोन केला, आणि धाकटा आला.

तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला, उठून जायची तयारी असल्यासारखा. दादाने मला पुढे केलं. "तुझ्यासाठी केली," एवढंच म्हणाला. धाकट्याचे डोळे भरून आले, मी स्वतः पाहिलं. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला, मला मांडीवर घेतलं आणि सहज, अगदी सवयीने, उलटी फिरवली. माझी मान त्याच्या उजव्या हाताकडे गेली. ते पांढरे ठिपके जमिनीकडे झाले. बारीक तारा वर, जाड तारा खाली.



"दादा," धाकटा हळूच म्हणाला, "ही उजव्यांची आहे."

"मग? तू उजवाच आहेस ना?"

"मी डावरा आहे."

"लहानपणी होतास. ते मी सुधारलं होतं." दादाच्या आवाजात शंकासुद्धा नव्हती.

आणि मग मला कळलं, मित्रांनो. धाकटा लहानपणी डाव्या हाताने लिहायचा. दादा अभ्यासाला बसवताना त्याचा डावा हात रुमालाने खुर्चीला बांधायचा. वाईट सवय मोडतोय, पोराचं भलं करतोय, अशी त्याची पक्की समजूत. पोरगा उजव्या हाताने लिहू लागला तेव्हा दादाने सुटकेचा श्वास सोडला आणि ती गोष्ट मिटली असं धरून चालला. भावाला वाजवताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं. वाजवू दिलं असतं तर पाहिलं असतं ना!

"लिहितो उजव्या हाताने," धाकटा म्हणाला. "तेवढंच. गिटार मित्राच्या गच्चीवर शिकलो. तिथे कुणी माझा हात बांधत नव्हतं."

"मग तारा उलट्या लावू," दादा घाईघाईने म्हणाला. "त्यात काय एवढं!"

"आतल्या काठ्यांचं काय? आणि राहू दे. छान झालीये. कुणातरी उजव्याला दे."

त्याने मला अलगद कोचावर ठेवलं, परक्याचं तान्हं बाळ परत द्यावं तसं. चहा अर्धा टाकून तो निघून गेला.

दादा तोंडात मारल्यासारखा बसून राहिला. वहिनी एरवी बडबडी, पण त्या दिवशी ती फार हळू बोलली आणि तेच जास्त लागलं. "अहो, अनोळखी माणसाच्या तोंडाचा ठसा आल्याशिवाय तुम्ही एक दात करत नाही. आणि सख्ख्या भावासाठी एवढं केलंत, पण त्याला एकदा विचारलं नाहीत."

त्यानंतर माझे वाईट दिवस सुरू झाले. दादाने मला मागच्या खोलीत खिळ्याला टांगलं आणि माझ्याकडे पाठ करून काम करू लागला. तारा सैल करायचंही त्याला सुचलं नाही. ताणलेल्या तारा दिवसरात्र माझं पोट ओढत राहिल्या. पांढरी भुकटी अंगावर साचली. पावसाळ्यात मी फुगले, उन्हाळ्यात आकसले. मला राग यायचा. चूक कुणाची, शिक्षा कुणाला? माझ्यात काय कमी होतं? पण खरं सांगू का, रागापेक्षा लाज जास्त वाटायची. ज्याच्यासाठी जन्मले त्याच्याच मांडीवर मी उलटी ठरले होते. धाकट्याने वहिनीचा फोन उचलणंसुद्धा कमी केलं. एका कोरड्या दुपारी तारा जिला बांधलेल्या असतात ती लाकडी घोडी माझ्या पोटावरून फाटकन उखडली, लाकडाचा तुकडा सोबत घेऊन.

आवाज ऐकून वहिनी आली. "आता हिला भंगारात टाकायची की काय करायचं ते एकदाचं ठरवा. असं टांगून ठेवलेलं मला बघवत नाही."

दादाने मला खाली उतरवलं. बराच वेळ मांडीवर घेऊन बसला. मग त्याने पातळ सुरी तापवली आणि माझ्या पाठीच्या सांध्यात घातली.

मित्रांनो, त्या दुखण्याचं वर्णन करत नाही. गोंद कुरकुरत सुटला, पाठ निघाली आणि माझं आतलं सगळं उघड्यावर पडलं. दादाने इतक्या मायेने तासलेल्या काठ्या एकेक करून उपटल्या. मला वाटलं, संपलं आपलं. तेवढ्यात त्याने फोन उचलला. वहिनीला न सांगता, स्वतःहून.

"मी बोलतोय," तो म्हणाला आणि अडला. मग एकदम म्हणाला, "मला तुझ्या डाव्या हाताचं माप पाहिजे."

पलीकडून धाकट्याचा आवाज आला, "मानेसाठी उजव्याचं लागतं, दादा. डाव्याने मी तारा छेडतो."

"मला ठाऊक नव्हतं. मग तूच ये आणि सांग. मला यातलं काही ठाऊक नाही."

तो आला. लगेच नाही, बऱ्याच दिवसांनी आला. मी टेबलावर पाठीशिवाय पडले होते. दादाने ठशाची पावडर पाण्यात कालवली आणि उजव्या हाताचा ठसा घेतला. मग डावा हात मागितला.

"तो कशाला? त्याचं काही काम नाही," धाकटा म्हणाला.

"असू दे. दे."

धाकट्याने हात पुढे केला आणि पटकन मागे घेतला. त्याला स्वतःलाच ते कळलं नसावं. पण दादाला कळलं. हा साठीला टेकलेला माणूस तिथेच, ओल्या पावडरीच्या हातांनी, ढसाढसा रडू लागला. "माझं चुकलं रे. मला वाटायचं मी तुला घडवतोय."

धाकटा जागचा हलला नाही. "आत्ता लगेच सगळं विसरलो असं नको समजूस, दादा," तो म्हणाला. "मला जमणार नाही ते. पण काठ्या कुठे कशा बसवायच्या ते सांगतो. चल, दाखव."

दोघांनी मिळून मला पुन्हा जोडलं, काठ्या, तारा आणि मानेवरचे ठिपके सगळं उलट्या बाजूने बसवून. भांडले, चिडले, पुन्हा बसले. वहिनीचे चिमटे पुन्हा गायब झाले आणि यावेळी तिने चकार शब्द काढला नाही. खरं सांगायचं तर माझा पहिला आवाज जास्त गोड होता. आता जरा घोगरा आहे, पाठीच्या सांध्यावर व्रण आहे आणि घोडीखाली ठिगळ. पण धाकट्याने मला मांडीवर घेतलं, तेव्हा फिरवावं लागलं नाही. त्याने वाजवलं, त्या घरात पहिल्यांदाच. दादा समोर बसून ऐकत होता, पण त्याची नजर माझ्यावर नव्हतीच. तो भावाच्या डाव्या हाताकडे बघत होता, किती चपळ आहे ते.

आता मी धाकट्याकडे असते. दादाकडे तो कधी जातो, कधी ठरवूनही जात नाही. सगळं सुरळीत झालं, असं मी सांगणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर वाजवायची नसेल तेव्हा तिच्या तारा सैल करा, ओलीपासून आणि उन्हापासून तिला जपा. लाकूड मुकं असतं, त्याचं दुखणं उशिरा कळतं. आणि माणूस? माणूस तर समोर बसलेला असतो, बोलू शकतो. त्याच्यासाठी काही करायला घ्याल, अगदी जीव ओतून करायला घ्याल, तेव्हा आधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "तुझा हात कुठला?"