पाठवलेली कवळी

प्लास्टरवरची ती बारीक गाठ अंगठ्याला लागली, आणि साच्याखालची चिठ्ठी वाचायची गरजच उरली नाही – हे अण्णांचं तोंड. तीन वर्षांपूर्वी मुलाचा परदेशातला संसार बघायला ते आले होते, तेव्हा त्याने इथेच, कामाच्या जागी, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवून त्यांच्या कवळीचं माप घेतलं होतं. तोंडात लगदा, चार मिनिटं बोलायची सोय नाही, डोळे मात्र हसणारे... जन्मात पहिल्यांदा तो बोलत होता आणि ते ऐकत होते.

मग रविवार. या रविवारी करू, पुढच्या रविवारी नक्की – आठवडाभर परक्यांच्या कवळ्या करून हात असे दुखायचे की बापाची तेवढी राहायची. "घाई नाही रे, तुझं काम आधी," अण्णा फोनवर म्हणायचे. एकदा मात्र म्हणाले, "सगळं कालवूनच खातोय बघ," आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "पाठवली, अण्णा. निघालीसुद्धा." त्यानंतर अण्णा चाळीस दिवस जगले. रोज दुपारी, पोस्टमनच्या वेळेला, उंबऱ्यापाशी बसून.

आज सकाळी बहिणीचा फोन. "दादा, पार्सल अजून आलं नाही रे. आता आई बसते दारात. म्हणते, लेकानं पाठवलंय म्हणजे येणारच."

"येईल," तो म्हणाला. जीभ जराही अडखळली नाही, याचीच त्याला भीती वाटली.

"कोणाची एवढी घाई?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं.

"एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची. फार थांबलेत बिचारे."

"स्वतः येणार न्यायला?"

तो मेणात दात बसवत राहिला. कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती, तरी तिच्याकडे पाठ करून बसणं आज त्याला जमेना. चार वाजता, मेणाची पक्की कवळी झाल्यावर, वरचा-खालचा जबडा बिजागरीत अडकवून त्याने मिटवला – टक्. कुठे फट नाही, तिरकेपणा नाही. सकाळी धरलं आणि चारला झालं. अख्खं काम एका दिवसाचं होतं... एका दिवसाचं, अण्णा.

पोस्टाच्या रांगेत खोका छातीशी धरून तो उभा होता. न पाठवली तर सोपं आहे, पोस्टाला चार शिव्या घालून सगळे मोकळे होतील. पाठवली तर बहीण आधी तारीख बघेल – ती औषधाच्या पाकिटावरचीही तारीख वाचते – आणि मग आईला सांगेल, किंवा नाही सांगणार, एकटीच गिळून बसेल. मागच्या माणसाने घसा खाकरला. तो पुढे सरकला.

कारकुनाने शिक्का मारला. पुसट उठला.

"पुन्हा मारा ना," आपलाच आवाज त्याला ऐकू आला. "तारीख नीट दिसू दे."

"तीन आठवडे लागतील पोचायला," कारकून म्हणाला.

तीन आठवडे आई दारात बसेल. तिने वाट बघावी असं काहीतरी आता खरंच निघालं होतं, आणि ते वाटेतच हरवावं असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं – आणि पोचावं, असंही.