मोहरीएवढा मोती आणि व्हिनेगरचं वाडगं

मित्रांनो, मोती म्हटल्यावर डोळे एवढे मोठे करू नका. मी मोहरीएवढा आहे, जुना आहे आणि एका कॉलरच्या टोकाला एकटाच उरलो आहे. हारात मधोमध मिरवणारे ते टपोरे मोती मला कधीच आवडले नाहीत. नुसते बसून राहायचे, काम शून्य! आम्ही बारीक मोती शेकड्यांनी राबतो, तेव्हा कुठे कापडावर एखादे पान उमटते.

शिंपल्यातून निघालो तेव्हा मला चाळणीने चाळले, मग भोक पाडले. त्या अपमानाबद्दल मी बोलणार नाही. पुढे मी भरतकाम करणाऱ्या एका बाईंच्या हाती आलो. माणसांबद्दल माझे मत वाईटच आहे, पण या बाई वेगळ्या. प्रत्येक मोत्यामागे त्या दोऱ्याला गाठ मारत, म्हणजे एक निसटला तरी बाकीचे जागचे हलत नसत. नजर अधू होऊ लागली तेव्हा त्यांनी जपून ठेवलेले सगळे मोती काढले आणि दोन सुनांसाठी दोन कॉलर भरल्या. "आता यापुढे सुई धरणं नाही," त्या म्हणाल्या.

थोरलीने तिची कॉलर हौसेने वापरली. धाकटीने आम्हाला प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून कपाटात टाकले. मोत्याला अंगाची ऊब आणि मोकळी हवा लागते, हे या शहाणीला कोण सांगणार? आम्ही मलूल पडलो. थोरलीची कॉलर चमकते आणि आपली नाही, हे पाहून हिच्या पोटात दुखू लागले.

"जाऊबाईंना खरे दिले आणि मला खोटे!" ती शेजारणीला म्हणाली.

शेजारीण म्हणजे अकलेचा खंदक. "व्हिनेगरमध्ये टाकून बघ. खरे असतील तर विरघळतील."

"आणि खोटे असतील तर?"

"मग काही होणार नाही."

म्हणजे पास झालात तर मेलात! एवढ्या अकलेवर ही माणसे संसार तरी कशी करतात? सासूबाई पलीकडच्याच खोलीत बसल्या होत्या. त्यांना विचारले असते तर काय जीभ झिजली असती?

कॉलर वाडग्यात बुडाली आणि रात्रभर तशीच राहिली. माझे टोक काठाबाहेर लोंबकळत होते, म्हणून मी वाचलो. माझे सोबती आधी निस्तेज झाले, मग मऊ पडले, मग दिसेनासेच झाले. पास झाले बिचारे! धाकटी कॉलर हातात घेऊन रडत बसली. मला तिची जराही दया आली नाही.

शेवटी काही करता येईल का म्हणून तिने कॉलर सासूबाईंच्या मांडीवर ठेवली आणि घडले ते सांगितले. सासूबाईंनी कापडावरून बोटे फिरवली. पाने-फुले होती तिथे नुसता दोरा लागला.

"आई, खरेच होते हो," धाकटी म्हणाली.

"ते मला माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या. "मला विचारलं असतंस तर मी खोटं सांगेन, असं वाटलं का गं तुला?"



मित्रांनो, आम्हाला मऊ कापडात ठेवा, अत्तरापासून दूर ठेवा, अधूनमधून अंगावर घाला. एवढे तुम्हाला जमेलही. पण घरातल्या माणसाबद्दल शंका आली तर तोंड उघडून त्यालाच विचारा. सासूबाई अजूनही धाकटीच्या हातचा चहा घेतात, हाक मारली की ओ देतात. स्वतःहून मात्र त्या तिला आता काहीच सांगत नाहीत.