वाळूवरची घरटी

परदेशातल्या किनाऱ्यावर जाऊन पर्यावरणशास्त्र शिकायचं, असा तो दुसऱ्या एका विद्यापीठाचा उन्हाळी अभ्यासक्रम होता. निवड झाली तेव्हा धाकटी नुसती हवेत होती. आईला मात्र शेवटपर्यंत उलगडा झाला नाही.

"एवढ्या लांब जाऊन पक्ष्यांची अंडी बघायची? इथले पक्षी अंडी घालायचे थांबलेत का?"

"आई, शास्त्र असतं ते," ताई म्हणाली. धाकटीला शिकवायचं तिनंच मनावर घेतलं होतं.

सर मोठे अभ्यासक होते, आणि माणूस म्हणूनही गोड. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना वाळूवर पोटावर झोपवलं. "पक्ष्याला जेवढं दिसतं तेवढंच बघा," म्हणाले. धाकटीला समोर फक्त गोटे दिसत होते. मग त्यातले तीन गोटे अंडी झाली. तिच्या अंगावर काटा आला. त्या क्षणी सरांनी समुद्रात उडी मार म्हटलं असतं तरी तिनं मारली असती.

काम सोपं होतं. प्रत्येकाला घरटी वाटून दिलेली. रोज सकाळी घरट्याशी जायचं, अंडी हलक्या हातानं उचलून मापायची, पुन्हा तशीच ठेवायची. ओळखायला शेजारी एक काडी रोवलेली. आई-पक्षी पंख मोडल्याचं सोंग घेऊन दूर फरफटत जायची, ओरडायची. मुलं आधी हळहळली, मग सवय झाली.

दुसऱ्या आठवड्यात घरटी रिकामी सापडू लागली. वाळूत कोल्ह्याची पावलं होती. ती पावलं धाकटी बघतच राहिली, कारण ती तिच्या बुटांच्या ठशांवरूनच चालत आली होती. काडीपाशी थांबली होती. तिथून पुढच्या काडीकडे, तिनं घेतलेलं वळणसुद्धा घेऊन.

तिनं आपल्या वाट्याच्या उरलेल्या घरट्यांपैकी निम्म्यांच्या काड्या उपटल्या, तिथं जाणं बंद केलं आणि टेकाडावर बसून दुर्बिणीतून लक्ष ठेवलं. ती घरटी टिकली. जिथं ती जात होती ती गेली.

"सर, कोल्हा आपल्या मागून येतोय," ती जेवणाच्या खोलीत म्हणाली. "आपणच त्याला घर दाखवतोय."

सरांनी मान डोलावली. "शक्य आहे."

"मग थांबवूया ना."

"अर्ध्यात थांबवलं तर आकडे वाया जातात. थोडे दिवस राहिलेत. तू तुझी मापं पूर्ण कर."

"मी नाही जाणार सर घरट्यांपाशी."

शेजारच्या खोलीतली मैत्रीण ताटात बघत बसली. सकाळी दोघी मिळून पावलं बघून आल्या होत्या. सरांचा आवाज जराही चढला नाही. "भावना चांगली आहे. पण आपण इथं शिकायला आलोय."

दुसऱ्या दिवशी तिची घरटी त्याच मैत्रिणीला दिली. तिनं नव्या काड्या रोवल्या. शेवटच्या आठवड्यात किनाऱ्यावर आई-पक्षी तेवढ्या उरल्या, कशावर तरी बसल्यासारख्या.

धाकटी काठावर पास झाली. शेरा होता, शिस्तीचा अभाव.

"पाण्यात राहून माशाशी वैर करतात का गं?" ताई फोनवर कळवळली. "मापायची होतीस दोन अंडी. तुझ्या एकटीनं काय जग वाचणार होतं?"

"जग नाही गं. ती चार घरटी वाचत होती."

ताईनं फोन ठेवला.

पुढच्या वर्षी सर तिच्या विद्यापीठात व्याख्यानाला आले. विषय होता, माणसाच्या पावलांमागून येणारा शिकारी. पडद्यावर तोच किनारा. नव्या तुकडीला सरांनी निम्म्या घरट्यांशी रोज पाठवलं होतं, निम्म्यांशी मुळीच नाही. धाकटी उठून उभी राहिली.

"सर, ज्या घरट्यांशी मुलं रोज गेली, त्यातली पिल्लं किती जगली?"

"एकही नाही," सर उत्साहानं म्हणाले. "फार स्वच्छ निष्कर्ष मिळाला."

सभागृहात टाळ्या पडल्या.

नंतर चहाच्या टेबलाशी सर आपणहून आले. "प्रश्न नेमका होता. तू याच विषयात काम करतेस का?"

"मी गेल्या वर्षी तुमच्या तुकडीत होते सर. कोल्ह्याचं मीच सांगितलं होतं."

सरांनी आठवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. "असेल, असेल. मग तर संशोधनाला माझ्याकडेच ये. अशी नजर हवी असते."

"घरट्यांपाशी जावं लागेल?"

"अर्थातच."

"मग नको," ती म्हणाली आणि भरलेला कप तसाच ठेवून निघाली.

हे कळल्यावर ताई कित्येक दिवस तिच्याशी बोलली नाही. चालून आलेल्या लक्ष्मीला लाथ मारली, एवढंच आईजवळ म्हणाली. धाकटीनं पुढं संशोधनासाठी बरेच अर्ज केले. प्रत्येक ठिकाणी तो शेरा आडवा आला. आता ती शहराच्या पाणीपुरवठा प्रयोगशाळेत नमुने तपासते. खिडकी नसलेली खोली, नळ्यांचे स्टँड, क्लोरीनचा वास. काम वाईट नाही.

मैत्रीण सरांकडे संशोधन करते. परवा तिनं कळवलं, अभ्यासक्रमाला प्रतिसाद इतका वाढलाय की यंदा किनाऱ्यावर दोन तुकड्या न्याव्या लागल्या.